अखेरच्या घटका, वॉर्ड आणि घराघरांतल्या रीती

वॉर्डातली_अक्का (धागाकर्ती)

नमस्कार. मी सोलापुरात स्टाफ नर्स आहे, नोकरीला २७ वर्षं झाली. दरवर्षी आमच्याकडे नर्सिंग पूर्ण केलेल्या नव्या मुली येतात. शीर शोधणं, सलाईन लावणं, चार्ट भरणं, सगळं त्यांना येतं. पण समोरचा माणूस जातोय हे दिसत असताना काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. मलाही नव्हतं. परवा नाईटला एक मुलगी धावत आली. "मॅडम, सात नंबरच्या आजोबांचा श्वास बदललाय. घरचे तोंडात गंगाजल घालायचं म्हणतात. घालू देऊ का?" नको म्हणावं तर घरच्यांना जन्मभराची टोचणी, घालू द्यावं तर ठसका लागून आजोबा गुदमरायचे. बिचारी रडकुंडीला आली होती.

तिच्यासाठी चार ओळी लिहायला बसले आणि वाटलं, इथेच लिहावं. आपल्या गावात एकाच वॉर्डात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू ऐकू येतं. एका कॉटवर तुळशीची माळ, शेजारच्या कॉटवर तसबीह. मृत्यू सगळ्यांकडे येतो, पण त्याच्या वेळी काय करायचं ते प्रत्येक घरात वेगळं असतं.

आधी माझ्या हातून झालेली चूक सांगते. २००२ चा जानेवारी, गड्ड्याची जत्रा भरलेली. अक्कलकोटकडच्या एक आजी भरती झाल्या. ऐंशीच्या घरातल्या, फक्त कन्नड बोलणाऱ्या. भरती करताना अंगावरचे दागिने नातेवाइकांच्या ताब्यात द्यायचे असतात. मी त्यांच्या गळ्यातला दोरा कात्रीने कापला आणि त्यातली चांदीची डबी कवळी-बांगड्यांबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मुलाकडून सही घेतली. मुलगा इतका भांबावलेला होता की त्यानं पिशवीत बघितलंसुद्धा नाही.

त्या रात्री आजी सारख्या छातीवर हात फिरवायच्या. मास्क ओढायच्या, बोटं सलाईनच्या नळीत अडकायची. मास्कमागून काहीतरी पुटपुटत होत्या. पेशंट नळ्या काढतोय म्हणून मी गॉजच्या पट्टीनं त्यांचे दोन्ही हात कॉटला बांधले. तेव्हा तसंच करायचे. पहाटे आमच्या मावशी झाडायला आल्या, विजापूरकडच्या. त्यांनी आजींच्या तोंडाशी कान नेला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सिस्टर, लिंग कुठं हाय म्हणून विचारायल्यात त्या."

लिंगायतांमध्ये इष्टलिंग, म्हणजे गळ्यातल्या डबीतलं छोटं शिवलिंग, अंगावेगळं करत नाहीत. मूठमाती देतानाही ते त्या माणसाबरोबरच जातं. आणि मी ते कवळीशेजारी ठेवलं होतं. मुलाला उठवून पिशवी मागवली, हात सोडले, डबी तळहातावर ठेवली. आजींची मूठ मिटली. त्यानंतर त्यांनी एकदाही मास्क ओढला नाही. दुपारी गेल्या तेव्हा मनगटांवर पट्टीचे वळ तसेच होते. त्यांची नात त्या वळांवरून बोट फिरवत बसली होती. मला ती एका शब्दानंही बोलली नाही.

तेव्हापासून भरती करताना मी दोन प्रश्न जादा विचारते. घरात कुठली भाषा बोलता? आणि अंगावरचं काय काढायचं नाही? तपासणीसाठी काढावंच लागलं तर का काढतोय ते आधी सांगते आणि ती वस्तू घरच्यांच्या हातात, स्वच्छ कापडात देते. मंगळसूत्र असो, ताईत असो, जानवं असो.

आता गंगाजलाचं. गिळण्याची शक्ती गेली असेल तर चमच्यानं पाणी सोडलं की ते श्वासनलिकेत जातं. पण म्हणून नाही म्हणायची गरज नसते. कॉटची डोक्याकडची बाजू वर करायची, मान एका बाजूला वळवायची, कापसाचा बोळा गंगाजलात बुडवून पिळायचा आणि ओठांवरून, जिभेच्या टोकावरून फिरवायचा. मुलगा, सून, नातू, प्रत्येकाला एकेकदा फिरवू द्यायचा. शेवटच्या दिवसांत तोंड कोरडं पडतं, ओठ फुटतात, त्यामुळे दर तासा-दोन तासांनी ओला बोळा फिरवणं हे तसंही आमचंच काम आहे. घरच्यांचा विधी आणि आमची तोंडाची निगा इथे एकच होऊन जाते. सात नंबरच्या आजोबांना त्या रात्री अकरा जणांनी पाणी दिलं.

दिव्याचं मात्र मी ऐकत नाही. ऑक्सिजन चालू असताना उशाशी निरांजन किंवा उदबत्ती म्हणजे आगीला आमंत्रण. बॅटरीवरचा दिवा चालतो, आणि का ते नीट सांगितलं की लोक ऐकतात. नुसतं "इथे हे चालणार नाही" म्हटलं की भांडण होतं.

आपापल्या घरातलं लिहा. काय झालं, काय व्हायला हवं होतं. आमच्या मुलींना वाचून दाखवणार आहे.

साखरपेठ

अक्का, हात बांधल्याचं वाचलं आणि थांबूच शकलो नाही. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू. वडील चाळीस वर्षं मागावर, आधी हातमाग मग पॉवरलूम. लिव्हरचा कॅन्सर होता. शेवटचे दोन दिवस शुद्ध अशी नव्हतीच. पण हात चालायचे. चादरीचा काठ चिमटीत धरायचे, अंगठा आणि बोट एकमेकांवर घासायचे, परत धरायचे. तोंडानं "पोगु तेगिंदी, पोगु तेगिंदी." म्हणजे धागा तुटला.

त्या सिस्टर केरळच्या होत्या, त्यांना ना मराठी नीट ना तेलुगू. त्यांनी आईला खुणेनं विचारलं, हे काय करतायत? आईनं हवेत तुटलेला धागा जोडून दाखवला. त्या बाई गेल्या आणि कुठून तरी सुती पट्टीचा एक लांब तुकडा घेऊन आल्या, वडिलांच्या हातात दिला. वडिलांनी त्याच्या कडेचे धागे काढले आणि पिळून जोडत राहिले. दुसऱ्या दिवशी आईनं विचारलं, घरून चादर आणली तर चालेल का, ह्यांनी स्वतः विणलेली आहे. चालेल म्हणाल्या. त्याच चादरीखाली वडील गेले. कपाळाला मार्कंडेयाचा अंगारा होता, तोही त्यांनी पुसला नाही, तोंड पुसताना तेवढी जागा सोडून पुसायच्या.

त्या सिस्टरांचं नाव मला आजही माहीत नाही. विचारायचंच राहिलं.

वॉर्डातली_अक्का

साखरपेठ, वाचताना डोळे भरून आले. शेवटच्या दिवसांत अंथरूण चाचपडणं, हवेतून काहीतरी पकडणं हे बऱ्याच पेशंटमध्ये दिसतं. मेंदूला रक्त आणि प्राणवायू कमी पडतो, कधी लघवी तुंबलेली असते, कधी ताप, कधी औषधाचा परिणाम. ती कारणं आधी बघायचीच, तुंबलेली लघवी काढली की निम्मी तगमग थांबते. पण ते हात काय शोधतायत हे घरच्यांनाच माहीत असतं. मी त्या आजींच्या वेळी विचारलं असतं तर.

मंद्रूपकर

मी भूलतज्ज्ञ आहे, गेली काही वर्षं कॅन्सरच्या पेशंटच्या वेदनेवर काम करतो. धागा उत्तम आहे, एक गोष्ट ठासून सांगतो. माणूस वेदनेनं तळमळत असताना मंत्र, आयत, भजन काही त्याच्यापर्यंत पोचत नाही. आधी वेदना थांबवा.

मॉर्फिनबद्दल आपल्याकडे भीती फार. 'ते दिलं म्हणजे संपलं' असं नातेवाईक समजतात. तोंडानं घ्यायच्या मॉर्फिनची गोळी योग्य मात्रेत, ठरलेल्या वेळी दिली तर माणूस बोलतो, जेवतो, नातवाला ओळखतो. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यामुळे हे औषध ठेवणं हॉस्पिटलांना डोकेदुखी झालं होतं. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. तरी छोट्या गावांतून पेशंटला मिळवताना आजही वणवण होते.

आणि सिस्टर मंडळींनी हे लक्षात ठेवावं की अखेरच्या आजारातली वेदना कमी करण्याची ही सगळी शाखा एका नर्सनं उभी केली. सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, नंतर डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली लंडनमध्ये त्यांनी मरणासन्न रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केलं. वेदना नुसती शरीराची नसते, मनाची, घरच्या काळजीची आणि श्रद्धेचीही असते, ही मांडणी त्यांची. मुंबईत शांती आवेदना सदन १९८६ साली सुरू झालं, आपल्या देशातलं पहिलं.

अजून एक बारीक गोष्ट, जी फारसं कुणी विचारत नाही. कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा प्राण्यांपासून काढलेल्या जिलेटिनचं असतं. जैन, लिंगायत आणि इतर शाकाहारी घरांत, मुस्लिम घरांतही, हे कळलं की आजी औषध जिभेखाली धरून नंतर थुंकून देतात आणि आपण म्हणतो औषध लागू पडत नाही. गोळी किंवा पातळ औषध असेल तर ते लिहून देता येतं. जैन घरात सूर्यास्तानंतर तोंडात काही घेत नसतील तर मात्रेच्या वेळा बदलता येतात का, तेही डॉक्टरला विचारा. मला विचारलं की मी वेळापत्रक बसवून देतो.

नूर_सोलापूर

मी नई जिंदगी भागात राहते. अम्मीच्या वेळचं सांगते. शेवटच्या वेळी माणसाचं तोंड किबल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला करतात, आपल्याकडून ती दिशा पश्चिम, किंचित उत्तरेकडे झुकलेली. कानाशी कलमा हळू आवाजात म्हणतात, जाणाऱ्याच्या तोंडून तोच शेवटचा शब्द निघावा म्हणून. जवळ बसून कुराणातली सूरह यासीन वाचतात.

अम्मीची कॉट उत्तर-दक्षिण होती. भावानं सिस्टरांना विचारलं, फिरवता येईल का? कॉटला चाकं होती, पण भिंतीतल्या ऑक्सिजनची नळी पुरत नव्हती. सिस्टरांनी दुसरी लांब नळी जोडली, वॉर्डबॉय मामांना हाक मारली आणि दोघांनी मिळून कॉट फिरवली. पाच मिनिटं लागली असतील. शेजारच्या कॉटवरच्या आजींनी आपला रेडिओ बंद केला. त्या पंढरपूरच्या वारकरी होत्या, गळ्यात माळ. माझी अम्मी आणि त्या, दोघी आठ दिवस एकमेकींना बिस्किटं देत होत्या.

एक विनंती. अम्मी गेल्यावर तिला पुसायला, नळ्या काढायला एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, आले. ते सभ्यच होते, पण आमच्यात बाईचं अंग बाईनंच हाताळायचं असतं, गेल्यानंतरसुद्धा. मी सांगितल्यावर ते लगेच बाजूला झाले. आधी कुणी विचारलं असतं तर मला त्या अवस्थेत तोंड उघडावं लागलं नसतं.

दफन लवकर करायचं असतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण पोलीस केस असेल तर पोस्टमॉर्टेमसाठी रात्रभर थांबावं लागेल अशी समजूत आहे. नोव्हेंबर २०२१ पासून केंद्रानं सूर्यास्तानंतरही पोस्टमॉर्टेमला परवानगी दिली आहे, जिथे सोय आहे तिथे. खून, आत्महत्या, बलात्कार किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर ही सवलत नाही. नातेवाइकांनी विचारून बघावं.

बाळीवेस

नूरताईंनी घाईचं लिहिलं, तेच आमच्यातही आहे, कारण वेगळं. लिंगायतांत बसवून मूठमाती देतात. मृत्यूनंतर २ ते ४ तासांत अंग ताठायला लागतं. आमच्या काकांच्या वेळी बिलाच्या कागदांत पाच तास गेले आणि नंतर त्यांना बसतं करताना पाय दुमडेनात. ते दृश्य काकूंच्या डोळ्यांपुढून जात नाही. जे कागद आधी करता येतात ते आधी व्हावेत, एवढंच मागणं.

रात्रपाळी

मीही नर्स आहे. सगळं पटतं, पण खरं सांगू का? परवाच्या रात्री मी एकटी, समोर ३८ पेशंट. त्यातले दोन जाणार हे मला संध्याकाळच्या हँडओव्हरलाच कळलं होतं. एकीकडे सक्शन, एकीकडे रक्त लावलंय त्यावर लक्ष, बाहेर पंधरा नातेवाईक दार ठोकतायत. एकानं माझ्या अंगावर हात उगारला, कारण त्याला वाटलं मी मुद्दाम आत सोडत नाहीये. अशा वेळी कुठली दिशा आणि कुठली भाषा? चांगली नर्स असं करते, तसं करते हे वाचून मला रडू येतं, कारण मला तसं करायचं असतं.

वॉर्डातली_अक्का

रात्रपाळी, तुझं एकही वाक्य खोटं नाही. माणसं वाढवल्याशिवाय हे सगळं नीट होणार नाही, आणि ती मागणी आपण सोडायची नाही. मी तुला दोष द्यायला लिहिलेलं नाही गं.

मी काय करते ते सांगते, जमलं तर बघ. जाणार असं दिसणाऱ्या पेशंटच्या घरच्यांपैकी एकच माणूस संध्याकाळीच बाजूला घेते, शक्यतो घरातली मोठी बाई. तिला सांगते, आता श्वास थांबून थांबून येईल, घशात घुरघुर होईल, हातपाय गार पडतील, गुडघ्यांवर निळसर डाग दिसतील. घुरघुर ऐकून घाबरू नका, घशात साचलेल्या स्रावाचा आवाज आहे, कुशीवर केलं की कमी होतो. मग विचारते, तुमच्यात या वेळी काय करतात? आणि ते केस पेपरवर एका ओळीत लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या पाळीला परत विचारावं लागत नाही. या बोलण्याला पाच-सात मिनिटं जातात. पण त्यानंतर बाहेरच्या पंधरा जणांना ती बाईच आवरते. एकेकाला पाठवते, स्वतःच.

ऐकू येणं शेवटपर्यंत राहतं असं आपल्याला शिकवतात ना, तेही त्यांना सांगते. म्हणजे ते कॉटजवळ वाटणीचं बोलत नाहीत, नाव घेऊन हाक मारतात.

बुधवार_पेठ

एक वेगळी बाजू मांडतो. माझे वडील गेले तेव्हा ड्युटीवरच्या सिस्टर फार प्रेमळ होत्या. आम्ही खाली औषध आणायला गेलो होतो. परत आलो तर वडिलांच्या ओठांवर तुळशीचं पान, आणि त्या हात जोडून रामनाम घेत होत्या. आडनावावरून त्यांना तसं वाटलं असावं. आम्ही बौद्ध. माझे आजोबा १९५६ साली नागपूरला दीक्षा घ्यायला सोलापुरातून गेले होते, आणि त्या दिवसाबद्दल वडील आयुष्यभर अभिमानानं बोलायचे. आम्हाला त्यांच्या कानाशी त्रिसरण-पंचशील म्हणायचं होतं.

सिस्टरांचे डोळे ओले होते, त्यांच्यावर राग कसा धरू? पान मी हळूच काढलं. पण आडनाव बघून ठरवू नका. चांगल्या मनानं केलेली गोष्टसुद्धा दुसऱ्याच्या घरातली असू शकते.

वॉर्डातली_अक्का

हे आमच्या मुलींना सगळ्यात आधी वाचून दाखवणार. 'मुस्लिमांना असं, लिंगायतांना तसं' असा तक्ता वॉर्डात लावावा अशी सूचना मागे एका मीटिंगमध्ये आली होती, तेव्हा मी विरोध केला होता. मला कारण नीट सांगता आलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत. एकाच घरात आई मारुतीची भक्त आणि मुलगा काहीच न मानणारा, असंही असतं. आणि पेशंट बोलू शकत असेल तोवर मुलाला नाही, पेशंटलाच विचारायचं.

होटगी_रोड

आईला घरी न्यायचं होतं. तिचं एकच म्हणणं, माझा जीव माझ्या घरात जाऊ दे, मला भुईवर ठेवा. हॉस्पिटलमध्ये 'सल्ल्याविरुद्ध नेत आहोत' अशा कागदावर सही घेतली. ती सही करताना आपणच आईला मारतोय असं वाटलं. अजून वाटतं. घरी आणली, दोन तासांनी गेली, तुळशीपाशी. मग मृत्यूचा दाखला द्यायला कुणी डॉक्टर तयार होईना, कारण कुणी तिला तपासलेलंच नव्हतं.

मंद्रूपकर

होटगी_रोड, तुम्ही आईला मारलं नाही. रोग तिला नेत होता, तुम्ही जागा बदललीत, तिच्या इच्छेनं.

इतरांसाठी: घरी न्यायचं ठरलं की सही करून निघू नका. निदान लिहिलेला डिस्चार्जचा कागद घ्या. वेदनेचं आणि घुरघुरीचं औषध घरी कसं द्यायचं ते विचारा. नळ्या कुठल्या राहणार, कोण काढणार ते सिस्टरांकडून समजून घ्या. रुग्णवाहिकेत ऑक्सिजन असेल तर घरी पोचल्यावर पुढे काय, हे निघण्याआधी ठरवा. आणि ओळखीच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, त्यांनी एकदा घरी येऊन पेशंट बघितला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला, म्हणजे फॉर्म ४-ए, ते देऊ शकतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते.

जुळे_सोलापूर

बाबा गेले तेव्हा आत्यानं वॉर्डातच आईच्या बांगड्या फोडायला घेतल्या. आई सुन्न बसलेली. ड्युटीवरच्या सिस्टर मधे येऊन उभ्या राहिल्या, आईचा हात आपल्या हातात घेतला आणि आत्यांना म्हणाल्या, "इथं काच सांडली तर पेशंटच्या पायात जाईल. त्यांना आधी बसू द्या ह्यांच्याजवळ." बस्स. घरी येईपर्यंत आम्ही बहिणींनी ठरवलं होतं, बांगड्या राहतील. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्यामागची मोहीम आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळ्याहून चालवली गेली होती. रीत जपायची म्हणताना ती कुणाच्या अंगावर मोडली जातेय हेही बघायला हवं. त्या सिस्टरांनी बघितलं. आईच्या हातात आजही हिरव्या बांगड्या आहेत.

रात्रपाळी

अक्का, काल तुम्ही सांगितलं तसं एका पेशंटच्या सुनेला संध्याकाळीच बाजूला घेतलं. रात्री दोघंच आत होते, आळीपाळीनं. एकच अडचण आली, आजोबा तेलुगू बोलणारे आणि सून पहाटे डोळा लागून झोपली होती. ते घाबरून माझा हात धरायचे आणि मला काही म्हणता येईना. एवढं कुणी लिहून द्याल का, की "दुखतंय का" आणि "घाबरू नका, मी इथेच आहे"?

साखरपेठ

तेलुगूत: "नोप्पिगा उंदा?" आणि "भयपडकंडि, नेनु इक्कडे उन्नानु."

बाळीवेस

कन्नडमध्ये, आपल्याकडे बोलतात तसं: "नोव् ऐतेन्री?" आणि "अंजबेड्री, ना इल्ले अदीनि."

वॉर्डातली_अक्का

दोन्ही उतरवून घेतलं. ड्युटी रूममधल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवते. रात्रपाळी, तुलाही मोठ्या अक्षरांत लिहून पाठवते.